मुक्याचे अंगण

अज्ञान मुलाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा पालक आणि घरी पाळलेल्या जनावराचा धनी यांच्या अधिकारांत वरवर पाहता पुष्कळ साम्य आहे. दोघेही दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेतात. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्याचे मत विचारण्याची सोय दोघांनाही नसते. आणि ‘हे सारे त्याच्याच हितासाठी’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी सारखेच शोभते. परंतु एका बाबतीत दोघांत फार मोठे अंतर आहे. मूल पुढे सज्ञान होते. पालकाने कोर्टाच्या परवानगीवाचून त्याची जमीन विकली असेल तर ती विक्री रद्द करून मागण्याचा हक्क आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने त्यास दिला आहे; आणि आज ना उद्या आपणांस हिशेब द्यावा लागणार, ही जाणीव बऱ्याच पालकांना सरळ मार्गावर ठेवते. कुत्रा मात्र कधीच सज्ञान होत नाही. त्याच्या वतीने आपण जे काही करतो त्याचा जाब विचारला जाण्याचा दिवस उगवतच नाही. असा दिवस येणार नाही हे पक्के ठाऊक असताना पालकाने हिशेब ठेवावा की नाही, आणि ठेवावयाचा तर त्यात जमा कोणती व खर्च कोणता धरावा, हा प्रश्न नीतिशास्त्रातील पुष्कळ गाजलेल्या प्रश्नांपेक्षा आम्हांस अधिक अवघड वाटतो.

तो मनात येण्यास निमित्त क्षुल्लकच झाले. आमच्या परिचयाचे एक महाराष्ट्रीय कुटुंब कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोच्या खोऱ्यात, पुष्कळ वर्षांपासून स्थायिक आहे. घर बेताचे, पण मागील आवार ऐसपैस. आणि त्या आवारात दोन थोराड कुत्रे. त्या खोऱ्यातील ऋतुमान आपल्याहून उलटे. पाऊस पडावयाचा तो हिवाळ्यात, आणि उन्हाळाभर बहुधा थेंबही नाही. त्यामुळे हिवाळ्यात आवारात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, आणि जी हिरवळ पाणी घालघालून जगवावी तिच्यावर जागोजाग पिवळे डाग. अखेर त्यांनी सारे आवार, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, कृत्रिम हिरवळीने आच्छादून घेतले. आणि खर्चाचा आकडा सांगून झाल्यावर ‘काय करणार, कुत्र्यांसाठी करावे लागले’ असे आम्हांस कळविले. या वाक्यातील ‘साठी’ या शब्दयोगी अव्ययापाशी आमचे मन अडकले. प्रस्तुत लेख त्या एका अव्ययाविषयी आहे, असे वाचकांनी समजण्यास हरकत नाही.

प्रथम त्या पिवळ्या डागांचेच पाहू. कुत्र्याच्या मूत्रात युरिया असतो आणि युरियात नत्र. शेतकरी गोणी विकत आणून शेतात टाकतो तेच हे द्रव्य. एका जागी ते फार पडले म्हणजे गवत जळते. आणि जळलेल्या डागाच्या सभोवती, जेथे ते विरळ होऊन पोचते तेथे, इतर हिरवळीहून अधिक गर्द अशी एक कड उगवते. कुत्रीचे मूत्र अधिक जहाल असते असा एक समज प्रचलित आहे, तो खरा नाही. ती एके ठिकाणी बसते, आणि कुत्रा खांबाखांबापाशी थोडे थोडे दान करीत फिरतो, एवढाच काय तो भेद. सांगावयाचे ते हे की, धनी ज्याला नासाडी म्हणतो तो भूमी आणि जनावर यांचा फार जुना देण्याघेण्याचा व्यवहार आहे. मातीतील सूक्ष्म जंतू ते द्रव्य पचवितात, गवत त्यातले काही उचलते, आणि पसरणाऱ्या जातीचे गवत असेल तर पडलेला डाग कालांतराने भरूनही निघतो. खिडकीतून पाहणाऱ्यास मधल्या काळात तो खुपतो, हे खरे.

कृत्रिम हिरवळ घालण्याचे काम पाहिले म्हणजे हा व्यवहार कसा बंद पडतो ते ध्यानात येते. जुने गवत मुळांसकट उपटून तीन-चार इंच माती खरवडून काढतात. त्या जागी बारीक खडी व कच पसरून, पाणी वाहून जाण्यापुरता उतार ठेवून, ती यंत्राने ठोकून दगडासारखी घट्ट करतात. तण वर येऊ नये म्हणून एक कापडी अस्तर घालतात. मग पंधरा फूट रुंदीच्या गुंडाळ्या उलगडावयाच्या. सर्व पट्ट्यांची लव एकाच दिशेस राहील अशी दक्षता घ्यावी लागते, नाहीतर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या दोन निरनिराळ्या रंगांच्या दिसतात. सांधे चिकटवून व कडा खिळ्यांनी ठोकून झाल्या की पात्यांच्या मधून वाळू पसरून ती ब्रशाने आत जिरवितात, म्हणजे पाती ताठ उभी राहतात. घरात कुत्रे असतील तर साध्या वाळूऐवजी झिओलाइट नावाच्या खनिजाचे कण घालतात, कारण अमोनिया धरून ठेवण्याचा गुण त्याच्या अंगी आहे. पाती बहुधा पॉलिएथिलीनची, म्हणजे बाजारातील पिशव्या ज्या कुळातल्या त्याच कुळातली. चांगल्या कारागिराने घातलेली अशी हिरवळ दहा पावलांवरून खरी वाटते, आणि त्या कारागिरीचे कौतुक करण्यात आम्ही मागे राहणार नाही. परंतु मूत्र आता मातीस मिळत नाही. युरियाचा अमोनिया व्हावयाचा तो होतोच. त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मात्र जंतूंकडून धन्याकडे येते. रबरी नळी घेऊन सारे आवार धुवावे लागते, उन्हाळ्यात तर वारंवार. पाणी वाचावे म्हणून घातलेल्या हिरवळीस पाणी लागते, ही गोष्ट विकणारा बहुधा सर्वांत शेवटी सांगतो.

या वस्तूच्या जन्माची कथा उद्बोधक आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. मॉन्सँटो कंपनीच्या एका शाखेत ती तयार झाली आणि १९६४ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथल्या मोझेस ब्राउन शाळेत ती प्रथम घातली गेली. शहरातील मुलांना खेळावयास मऊ जमीन मिळावी, असा त्यामागील हेतू चांगलाच होता. पण तिचे नाव झाले ते टेक्सासमधील ह्यूस्टन येथे. १९६५ साली तेथे अॅस्ट्रोडोम नावाचे प्रचंड क्रीडागृह उघडले. वर घुमटाकार छत, आणि खाली खरे गवत जगावे म्हणून त्या छतात हजारो पारदर्शक तावदाने. परंतु खेळाडूंना वर उडालेला बेसबॉलचा चेंडू त्या झगमगाटात दिसेना. तेव्हा तावदानांना रंग फासण्यात आला. सूर्यप्रकाश अडला, गवत मेले, आणि त्या हंगामाचे पुष्कळसे सामने मेलेल्या गवतावर व हिरवा रंग दिलेल्या मातीवर खेळले गेले! पुढील वर्षी, १९६६ साली, तेथे प्लास्टिकची हिरवळ आली आणि त्या क्रीडागृहाच्या नावावरूनच तिला ‘अॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. मेलेले ते गवत कोणते होते, हे आमच्या वाचकांस ऐकण्यासारखे आहे. ती टिफवे नावाची एक संकरित जात. तिच्या दोन जनकांपैकी एक म्हणजे ज्यास अमेरिकन लोक बर्म्युडा गवत म्हणतात ते. आणि ते दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी, म्हणजे गणपतीला आपण ज्या वाहतो त्याच दूर्वा. दूर्वेच्या चिवटपणाचा अनुभव ज्याने एकदा तरी शेतातील हरळी खणून काढली आहे त्यास सांगावयास नको. तीही जेथे मेली तेथे मनुष्याने काय केले असेल!

या कथेतील क्रम पाहण्याजोगा आहे. आधी छत आले. छतावरील रंगाने गवत मारले. मग गवत येथे जगत नाही, ही जणू त्या जागेची मूळचीच अडचण आहे असे धरून तिच्यावर उपाय शोधण्यात आला. कुत्र्याच्या आवारात क्रम निराळा असतो काय? ज्या जातीचे पूर्वज धनगराबरोबर वा शिकाऱ्याबरोबर दिवसभर कोसच्या कोस चालत, त्या जातीचे दोन कुत्रे घरची माणसे कामावर गेल्यावर आठ-आठ, दहा-दहा तास एका कुंपणात असतात. ते कुंपणाच्या कडेने येरझारा घालतात, त्यांच्या पायांखाली वाट पडते, कंटाळून ते खड्डे उकरतात. त्यानंतर ‘कुत्रे जमीन नासतात’ हे निदान होते आणि औषधयोजना जमिनीवर होते. कुत्र्याला रोज सकाळी दोन मैल फिरवून आणावे, हा उपाय कोणी सुचवीत नाही असे नाही. पण तो विकत घेता येत नाही, आणि जो उपाय विकत घेता येत नाही तो हल्ली आपल्याला उपायच वाटत नाही.

प्रसंगाने आले म्हणून सांगतो. पायाखालची जमीन बदलली म्हणजे वर चाललेल्या गोष्टीही बदलतात, याचा अनुभव आपल्या देशास हॉकीत आला आहे. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिकमधील सुवर्णपदक आपण एकदाही सोडले नव्हते. १९७५ साली विश्वचषकही गवतावर जिंकला. आणि दुसऱ्याच वर्षी माँट्रिअल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर झाली तेव्हा आपण सातव्या क्रमांकावर आलो. आपल्या पराभवाचे सारे खापर त्या हिरवळीवर फोडणे हे लंगडे समर्थन होईल. तरी ज्यांच्या पायांना व मनगटांना ती सवयीची नव्हती त्यांना तो निर्णय जाचला, यात शंका नाही. परंतु हॉकीपटूंना निदान तक्रार करता आली आणि नव्या मैदानावर नव्याने शिकताही आले.

आता ज्याच्यासाठी म्हणून हे केले त्या प्राण्याकडे वळू. एस्टोनियात जन्मलेला याकोब फॉन युक्सक्यूल नावाचा एक जर्मन जीवशास्त्रज्ञ होऊन गेला. प्रत्येक प्राणी आपल्या इंद्रियांनी घडविलेल्या स्वतंत्र जगात राहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. १९३४ च्या आपल्या पुस्तकात त्याने एकच खोली मनुष्याला, कुत्र्याला व माशीला कशी भासेल याची तीन चित्रे दिली आहेत. मनुष्याच्या खोलीत पुस्तकांचे कपाट आहे. कुत्र्याच्या खोलीत बसण्याच्या जागा आणि खाण्यापिण्याच्या वस्तू तेवढ्या अर्थपूर्ण, बाकी सारे जवळजवळ नसल्यासारखे. हीच दृष्टी घेऊन आपण त्या नव्या आवारात उतरलो तर काय आढळते? पहिली गोष्ट रंगाची. १९८९ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रयोगाने दाखवून दिले की, कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्याप्रमाणे तीन नव्हेत. हिरवा, पिवळा आणि तांबडा यांतील जे भेद आपणांस सहज दिसतात ते त्यास दिसत नाहीत. ज्या हिरवेपणासाठी एवढा पैसा वेचला, आणि जो ढळू नये म्हणून कारखान्यात पात्यांना खास द्रव्ये मिसळतात, तो हिरवेपणा त्या घरातील दोघा कुत्र्यांखेरीज इतरांसाठी आहे.

कुत्र्याचे खरे जग नाकाचे. मातीचा वास पावसाने बदलतो, दंवाने बदलतो, रात्री कुंपणाखालून मांजर आले की बदलतो, गांडूळ वर आले की बदलतो. आपण सकाळी वर्तमानपत्र उघडतो त्या वेळी तो जमिनीला नाक लावून आवारभर फिरत असतो. मलमूत्र विसर्जन झाल्यावर मागच्या पायांनी तो माती उडवितो, ते घाण झाकण्यासाठी असे आपण समजतो. वस्तुतः त्याच्या पंजांत गंधग्रंथी असतात, आणि त्या ओरखड्यांनी तो आपली खूण मागे ठेवतो. तो गवत खातो, आणि ते नेहमी पोट बिघडल्यामुळेच असते असेही नव्हे. निरोगी कुत्रेही ते आवडीने खातात. प्लास्टिकच्या हिरवळीवर यांतील एकही गोष्ट घडत नाही. तेथे काल आणि आज यांचा वास बहुतांशी एकच, आणि तोही आपण वापरलेल्या धुण्याच्या द्रव्याचा.

आणि उष्णता. यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ च्या सुमारास खेळाच्या कृत्रिम मैदानाची मोजणी झाली. हवा सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. जवळची डांबरी जमीनही त्याहून थंड होती. पाणी मारून पाहिले तेव्हा ७९ अंशांवरून तो २९ वर उतरला खरा, पण वीस मिनिटांत पुन्हा ७३ वर गेला. ते मैदान रबराची भुकटी पसरलेले होते. घरगुती हिरवळीत वाळू असते, फिकट रंगाची असल्यास ती इतकी तापणार नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु सॅक्रॅमेंटोच्या खोऱ्यात ३७ अंश ही उन्हाळ्यातील नवलाची गोष्ट नाही. आणि कुत्रा अनवाणी असतो. त्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. जो थोडा येतो तो पंजांच्या गादीवर, म्हणजे नेमका त्या तापलेल्या पृष्ठभागाशी लागलेल्या जागी. जिवंत गवत आपल्यातले पाणी वाफेने सोडून स्वतःला व भोवतीच्या हवेला थंड ठेवते. प्लास्टिकच्या पात्याजवळ सोडण्यासारखे काही नसते.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला कसे हाताळले आहे? कांटच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचा दाखला येतो. ज्याने इमानाने सेवा केली त्यास निरुपयोगी झाल्यावर गोळी घालू नये, मरेपर्यंत सांभाळावे, असे तो म्हणतो. पण कारण असे देतो की, तसे न केल्यास धन्याची स्वतःची माणुसकी कोमेजते. कुत्र्याचे म्हणून आपल्यावर ऋण नाहीच. बेंथॅमने १७८९ सालच्या ग्रंथात याच्या उलट टोक धरले, आणि प्राण्यास विचार किंवा भाषण करता येते की नाही हे न पाहता त्यास दुःख होते की नाही एवढेच पाहावे, असे सांगितले. बेंथॅमचा निकष आम्हांस कांटच्या निकषाहून अधिक मान्य आहे. तथापि या प्रकरणात तोही अपुरा पडतो. सावली केली, पाणी मारले, दुपारी कुत्र्यांना घरात घेतले, की दुःखाचा भाग बराचसा मिटतो. मग राहते काय? राहते ते असे की, एका जिवाचे जग आपण आपल्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून रिकामे केले आणि ते त्याच्यासाठी केले असे त्याच्या नावावर लिहिले. यात क्रौर्य नाही. अप्रामाणिकपणा मात्र आहे. आणि ज्याच्याशी तो घडला त्यास तो कळत नाही, एवढ्याने तो हलका ठरत नाही असे आमचे मत आहे.

या बाबतीत महाभारतातील एक कथा आम्हांस मोठी मार्मिक वाटते. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी, पौष्यपर्वात, दुसरा एक कुत्रा येतो, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत असता सरमेचा मुलगा तेथे आला. राजाच्या भावांनी त्यास मारले. तो रडत आईकडे गेला. तू काही अपराध केला असशील, असे ती म्हणाली. तेव्हा, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि ते चाटलेही नाही, असे त्याने सांगितले. सरमा सत्रमंडपात गेली आणि निरपराध मुलास का मारले म्हणून तिने विचारले. त्यावर त्या राजपुत्रांनी काहीच उत्तर दिले नाही. मग तिने शाप दिला की, ज्याची तुम्हांला कल्पना नाही असे भय तुमच्यावर येईल. आम्हांस या कथेत मारापेक्षा ते मौन अधिक बोचते. राजाला राग आला नाही, त्याने समर्थनही केले नाही. कुत्रीला उत्तर द्यावयाचे असते हेच मुळी कोणाच्या ध्यानात आले नाही. तिला वाचा होती तरी ही स्थिती. पुढे तो शाप टळावा म्हणून जनमेजय पुरोहित शोधीत फिरला, ही गोष्ट निराळी. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. कृतज्ञतेची ती खूण हृद्य आहे. पण कुत्र्याचे उपकार मेल्यावर फेडणे हे जिवंतपणी त्याला उत्तर देण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

येथवर वाचून, ही सुखवस्तू मंडळींची टवाळी चालली आहे असे कोणास वाटेल, तर तसे नाही. त्या कुटुंबाची बाजूही भक्कम आहे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या खोऱ्यात इंग्लंडातल्यासारखी मखमली हिरवळ राखणे हाच मुळात एक कृत्रिम खटाटोप आहे, आणि तो दुसऱ्यांच्या पाण्यावर चालतो. २०१५ साली तेथे मोठे अवर्षण पडले असता, घरमालकास कृत्रिम हिरवळ घालण्याची नगरपालिकांनी मनाई करू नये असा कायदा झाला. पुढे २०२३ साली, प्लास्टिकविषयी शंका वाढल्यावर, मनाईचा अधिकार नगरपालिकांना परत मिळाला. शेजारच्या नेव्हाडा राज्याने २०२१ साली याहून कडक पाऊल टाकले आणि लास व्हेगासच्या परिसरात रस्त्यांच्या कडेची, कचेऱ्यांपुढची अशी निव्वळ शोभेची हिरवळ कोलोराडो नदीच्या पाण्यावर जगविण्यास २०२६ अखेरची मुदत घातली. खाजगी घरे तेवढी वगळली. तेव्हा खरे गवत म्हणजे निसर्ग आणि प्लास्टिक म्हणजे पाप, अशी सोपी वाटणी तेथे चालत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली कृत्रिम मैदानांवरील प्लास्टिक-रबराच्या भुकटीवर बंदी ठरविली, तिलाही आठ वर्षांची मुदत दिली आहे. इतका तो पसारा अंगवळणी पडला आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चिखलाच्या पायांनी घर घाण होते म्हणून हिवाळाभर ज्या कुत्र्यांना बाहेर सोडीतच नसत, ते आता दिवसातून चारदा बाहेर जातात. घरात सांधे धरलेला म्हातारा कुत्रा असेल, घसरड्या फरशीवर त्याचे पाय फाकत असतील, तर त्याला ही समतल, मऊ जागा खरोखरच सुखाची होते. घरात वृद्ध सासूबाई असतील आणि रोजचा चिखल पुसणे त्यांच्या किंवा सुनेच्या वाट्यास येत असेल, तर त्यांचे कष्टही हिशेबात धरलेच पाहिजेत. कुत्र्याच्या नावाने गृहिणीला राबविणे ही काही भूतदया नव्हे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, हे कष्ट हिशेबात त्यांच्या खऱ्या नावाने लिहावेत. ‘आम्हांला पुसणे झेपत नाही’ हे कारण लाजिरवाणे नाही. ते उघड मांडले म्हणजे मनुष्य पुढचा प्रश्न आपोआप विचारतो: आपली सोय झाली, आता त्याचे काय? ‘त्याच्यासाठी केले’ असे एकदा म्हटले की तो प्रश्न उरतच नाही, कारण त्याला सारे देऊन झालेले असते. ही नुसती शब्दांची कसरत नव्हे. आईबापांनी मुलांसाठी, मुलांनी म्हाताऱ्या आईबापांसाठी केलेल्या कित्येक व्यवस्थांत हे अव्यय याच कामी येते, हे वाचकांपैकी पुष्कळांच्या अनुभवास असेल. त्या विषयात आज शिरत नाही.

आपल्याकडेही ही हिरवळ आली आहे. गावोगाव रात्री दिव्यांच्या प्रकाशात तासाच्या भाड्याने क्रिकेट खेळण्याची ‘टर्फ’ झाली आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकांत सज्जात तीन हात लांबीचा हिरवा तुकडा अंथरून त्यावर कुत्र्याची सोय केलेली दिसते. सज्जापुरती आमची तक्रार नाही. तेथे मुळात माती नव्हतीच, आणि फरशीपेक्षा तो तुकडा बरा. प्रश्न येतो तो जेथे जमीन आहे आणि ती झाकावयाची आहे तेथे.

अशी जमीन ज्यांच्याजवळ आहे आणि ज्यांचा विचार ठरत आला आहे, त्यांनी काळाचा एक हिशेब करून पाहावा. चांगली कृत्रिम हिरवळ साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकते. मग ती काढून बहुधा कचऱ्याच्या खड्ड्यात जाते आणि दुसरी येते. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे आयुष्यही दहा-बारा वर्षांचेच. धन्याच्या जन्मात अशा तीन-चार हिरवळी होऊन जातील, आणि त्याला खऱ्या मातीवर चालावयास बाकीचे जग मोकळे आहे. त्या कुंपणात पिल्लू म्हणून आलेल्या कुत्र्याला, फिरावयास नेतील तेवढे सोडले तर, जन्मभर ती एकच भूमी.

म्हणून सारे आवार झाकू नये. दाराजवळचा, पायवाटेचा, जेथून चिखल घरात येतो तो भाग खुशाल झाकावा. रंग फिकट घ्यावा, वर सावली करावी, उन्हाळ्यात कुत्र्यांना सोडण्यापूर्वी आपला तळहात त्या पात्यांवर क्षणभर टेकून पाहावा. हाताला सोसत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. कुंपणाच्या कडेचा, शक्यतो झाडाखालचा, चार-सहा हात रुंदीचा पट्टा मात्र मातीचाच राहू द्यावा. कारागीर त्याला विरोध करील, कारण माती हिरवळीवर येते आणि काम अपुरे दिसते. त्याला मध्ये लाकडाची एक ठेंगणी कड घालण्यास सांगावे. त्या पट्ट्यात काही फुलझाडे लावण्याचा मोह होईल, तो आवरावा. तेथे कुत्रे उकरतील, लोळतील, हाड पुरतील आणि विसरतील. पावसाळी दिवसांत तेथून चार चिखलाचे पाय घरात येतील. त्यासाठी दाराशी एक जुने फडके ठेवावे.